रूपराव मिस्त्री आणि मचाणाच्या फळ्या

धामणखोरीच्या तलावाला नावेसाठी धक्का हवा, ही गोष्ट सरकारला बारा वर्षं समजली नव्हती. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत एका मोठ्या इंजिनियरच्या पँटला ती एका क्षणात समजली.

आर्वीच्या बाजूच्या टेकड्यांत बांध घातला तेव्हा पाणी मधे शिरलं आणि गावाचे दोन तुकडे झाले. अलीकडच्या तुकड्यात शाळा, दवाखाना आणि एसटीचा थांबा. पलीकडच्या तुकड्यात बहुतेक माणसं. ये-जा करायला पाटबंधारे खात्याची एक नाव होती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की नाव खडकाला लागायची, तेव्हा काही अडचण नसे. पण पावसाळ्यापासून होळीपर्यंत नाव आणि कोरडी जमीन यांच्यामधे वीस-पंचवीस हात काळाभोर चिखल पसरलेला असायचा. लोक लुगडी खोचून, चपला डोक्यावर घेऊन तो तुडवायचे. बाळंतिणी, म्हातारे, कापसाची बोचकी, सगळं त्या चिखलातूनच जायचं. अर्ज गेले, उत्तरं आली, पुन्हा अर्ज गेले. मग मोठा साहेब पाहणीला आला, नावेतून रुबाबात उतरला आणि कमरेपर्यंत गेला. चौघांनी ओढून काढला तेव्हा साहेब निघाला, एक बूट राहिला. महिन्याभरात धक्का मंजूर झाला.

कागदावर त्याचं नाव जेट्टी होतं. ओव्हरसियर त्याला धक्का म्हणायचा. गावानं मात्र बांधायच्या आधीच त्याला मचाण म्हणायला सुरुवात केली, कारण शेतात राखणीला उभारतात तसलंच काहीतरी हे असणार, अशी सगळ्यांची समजूत होती.

अलीकडच्या धामणखोरीत रूपराव मिस्त्री राहायचे. वय बावन्न, अंगानं काटकुळे, जात्याच सुतार. पंचक्रोशीतल्या निम्म्या बैलबंड्यांची चाकं त्यांच्या हातची होती. लाकूड ओळखायची त्यांची रीत एकच होती. आधी वास घ्यायचे, मग नखानं कपचा काढून तोंडात टाकायचे, गाईसारखे चावायचे आणि थुंकून सांगायचे, साग की शिसव की बाभूळ. यात ते चुकत नसत. आणि चुकत नसत म्हणूनच त्यांचं कुणाशी फार जमत नसे. देवळातल्या महाराजांना एका भक्तानं चंदनाचा ओंडका वाहिला होता. महाराज तो सगळ्यांना दाखवत फिरत होते. रूपरावांनी भर आरतीत कपचा चावला आणि म्हणाले, "महाराज, हा हिवर हाय. चंदनाचं अत्तर लावलं कोणीतरी." तेव्हापासून महाराज त्यांच्या हातावर प्रसाद ठेवताना दुसरीकडे बघायचे.

त्यांची बायको मनकर्णाबाई म्हणायची, "जंगलातलं हरेक लाकूड यायले चवीवरून समजते. पण भाजीत मीठ टाकलं का नाई, हे आजपावेतो नाई समजलं."

मचाणाचं कंत्राट आर्वीच्या भैयाजींना मिळालं. भैयाजी म्हणजे पांढरी सफारी, तोंडात पान आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, "वर बोलणं झालं आहे." देखरेखीला ओव्हरसियर होता अच्युत. सिंदी मेघेचा पोरगेला, चष्मा लावणारा माणूस, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. खांब ठोकायला, फळ्या बसवायला गावातला सुतार हवा म्हणून रूपरावांना बोलावणं गेलं.

ट्रकमधून फळ्या उतरल्या. लालसर, चकचकीत, एकसारख्या. गावातले लोक हात फिरवून म्हणाले, "वा, सागवान!" रूपरावांनी एक फळी उचलली. उचलतानाच त्यांचा चेहरा पडला, कारण फळी फारच सहज उचलली गेली होती. त्यांनी कोपऱ्याचा कपचा काढला, तोंडात टाकला, दोनदा चावला आणि भैयाजींच्या बुटाजवळ थुंकला.

"हे सागवान नाई. ही काटेसावर हाय. गेरू लावून वरून वार्निश मारलं. माचिसच्या काड्या करते याच्या."

भैयाजींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मिस्त्री, हे पाहा चलान. काय लिहिलंय? सागवान. तुम्ही काय लॅबोरेटरी आहे का?"

"लॅबोरेटरीले जीभ नसते ना भैयाजी."

लोक हसले. अच्युतनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, चलान वाचलं, फळीकडे पाहिलं, पुन्हा चलान वाचलं. फळी काहीच बोलत नव्हती आणि चलानावर शिक्का होता. "कागद तर बरोबर आहे," तो पुटपुटला.

"मंग कागदच हांथरा ना पाण्यावर," असं म्हणून रूपरावांनी लाकूड तासायची वाकस पिशवीत टाकली आणि ते घरी निघून गेले. मनकर्णाबाईला सांगितलं, "ओव्हरशेर चांगला माणूस हाय, पण त्याच्या पाठीत कणा नाई. तिथंसुदिक काटेसावरच बसवली कोणीतरी."

भैयाजींनी दुसरीकडून सुतार आणले. सव्वीस जानेवारीला मचाणाची फीत कापली गेली. मोठ्या साहेबानं नवे बूट घालून त्यावर तीन फेऱ्या मारल्या आणि पलीकडच्या लोकांची बारा वर्षांची गैरसोय आपण कशी दूर केली ते सांगितलं. बूट कुठं गेला, हे काही बोलला नाही.

पहिला पावसाळा मचाणानं कसाबसा काढला. दुसऱ्यात फळ्यांवर पांढरी छत्री उगवली. ऐंशी सालच्या तुळशीच्या लग्नानंतर पलीकडच्या तुकड्यात पहिलं लग्न निघालं आणि आर्वीहून बँड पार्टी आली. सनईवाला नावेत चढला, झांजवाला चढला. मागून ढोलवाला आला, स्वतः भारी आणि गळ्यात ढोल त्याहून भारी. मधल्या फळीवर त्यानं पाय ठेवला आणि फळीनं आवाजसुद्धा केला नाही. ओली भाकर मोडावी तशी ती मोडली. माणूस खाली गेला, ढोल वर अडकला. ढोल रुंद म्हणून माणूस वाचला. पट्ट्यानं लटकलेला तो ढोलवाला खालून ओरडत होता आणि घाबरलेल्या झांजवाल्याला काय करावं ते न सुचल्यामुळं तो वाजवतच राहिला.

कुणाला इजा झाली नाही. लग्न लागलं. चौकशीत लिहिलं गेलं की धक्का उत्तम होता, पण वाजंत्र्यांचा अतिभार झाला.

आठवड्याभरानं अच्युत सायकलवरून रूपरावांच्या दारात आला. रूपराव नांगराचा रुमणा तासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. अच्युत उभा राहिला. मनकर्णाबाईनं खाट टाकली, तरी उभाच राहिला.

"मिस्त्री, माझं चुकलं."

रूपरावांनी तासणं थांबवलं. सरकारी माणसाच्या तोंडून हे वाक्य त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय बोलायचं असतं तेही त्यांना माहीत नव्हतं. "बसा जी," एवढंच ते म्हणाले.

"पुन्हा बांधायचं आहे. या वेळी लाकूड तुम्ही सांगायचं. तुम्ही म्हणाल ते."

इथं कुणीही दुसरा असता तर छाती फुगवून बोलला असता. रूपराव बराच वेळ वाकसीच्या धारेवरून बोट फिरवत राहिले.

"मले नाई माहीत," ते म्हणाले.

अच्युत चकित झाला. "तुम्हाला माहीत नाही?"

"म्या चाकं केली साहेब. चाक चिखलात जाते, भाईर निघते, वाळते. मचाण काई भाईर निघत नाई. बूड पाण्यात, डोकं उन्हात, अन् वरून लोकायचे पाय. असं काम म्या केलं नाई, माह्या बापानं केलं नाई. काटेसावर नाई चालत एवढं माहीत हाय. काय चालते थे पाहा लागन."

कसं पाहायचं, ते त्यांना दुसऱ्या दिवशी सुचलं. तलावाच्या कडेला बायका धुणं धुवायच्या ती जागा होती. तिथं त्यांनी सहा लाकडांच्या सहा फळ्या ओळीनं बसवल्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या बाहेर. आंबा, बाभूळ, ऐन, बीजा, जांभूळ आणि साग. बायकांना सांगितलं, "यायच्यावरच धुवा, यायच्यावरच उभ्या राहा, आपटा, काई करा. मले फक्त सांगजा."

सांगण्याचं काम शकुबाईनं आपल्याकडे घेतलं. शकुबाई मजुरीला जाणारी, भरभक्कम आणि तोंडानं इतकी तिखट की बैलसुद्धा तिला वाट द्यायचे. अच्युत आठवड्यातून एकदा डायरी घेऊन यायचा आणि ती सांगेल ते शुद्ध मराठीत उतरवून घ्यायचा.

आंबा पहिल्याच महिन्यात काळा पडला आणि अंगठा दाबला तर रुतू लागला. "आंबा खावा फक्त," शकुबाई म्हणाली. अच्युतनं लिहिलं, "आंबा अयोग्य."

बाभळीवर रूपरावांचा जीव होता, सगळी चाकं तिचीच तर केलेली. पण ती उन्हात पिळली, उभी चिरली आणि तिची फास, सुईसारखी कुसळ, शकुबाईच्या टाचेत गेली. त्या दिवशी शकुबाईनं रूपरावांच्या सात पिढ्या एका दमात काढल्या. अच्युतनं विचारलं, "यातलं काय लिहू?"

"फास जाते असं लिहा," रूपराव म्हणाले. "बाकीचं माह्याजवळ राहू द्या."

ऐन भारदस्त दिसत होता, पण त्यावर शेवाळ असं धरलं की तिसऱ्या महिन्यात शकुबाई बसल्या जागी घसरून थेट पाण्यात गेली. वर येऊन म्हणाली, "नावासारखाच हाय मेला. ऐन वेळेले दगा देते."

बीजा रूपरावांना सगळ्यात आवडला. ना वाकला, ना चिरला, ना मऊ पडला. त्यांनी मनात जवळपास ठरवूनच टाकलं होतं. पण बीजा ओला झाला की रंग सोडतो, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, कारण चाकावर कुणी धोतर धूत नाही. सरपंचाचं पांढरंशुभ्र धोतर त्या फळीवरून हळदी-नवरदेवाचं होऊन निघालं. सरपंच ते नेसून पंचायतीत आले आणि भर सभेत लोकांनी मुंडावळ्या कुठं आहेत म्हणून विचारलं.

"चार महिने रंग जाते, मंग जात नाई," रूपरावांनी बायकांना समजावलं.

"चार महिने मंग तुमचं धोतर धुतो आमी त्याच्यावर," शकुबाई म्हणाली. "चालते?"

चालत नव्हतं. मचाणावर बायका धुणं आणणार, हे रूपराव ओळखून होते. बीजा गेला.

जांभूळ पाण्यातल्या पाण्यात लोखंडासारखं राहिलं, पण पाण्याबाहेरचा भाग वाकडा झाला. म्हणजे खालच्या खांबांचा प्रश्न सुटला, विहिरीच्या तळाला पूर्वी जांभूळ का घालत ते रूपरावांना पन्नाशी उलटल्यावर पटलं. वरच्या फळीला उरला साग. पण डेपोतून आणलेल्या त्या सागाचं अर्धं अंग पांढरं होतं, कोवळ्या झाडाचं. गाभा जसाच्या तसा होता, पांढरा भाग मात्र किड्यांनी खाऊन चाळणी केला होता.

"साग पाह्यजे," रूपराव अच्युतला म्हणाले, "पण म्हातारा पाह्यजे. निसता गाभा. असा साग आता डेपोत येत नाई. जंगल सारं पोरसवदा होऊन राह्यलं."

म्हातारा साग अच्युतनंच शोधला. हिंगणघाटला वेणा नदीच्या बाजूला कापसाचं एक जुनं जिनिंग पाडत होते. वरच्या मजल्यावर, जिथं सरकीचे ढीग पडायचे, तिथं साठ वर्षांपूर्वीची फळ्यांची जमीन होती. एप्रिलच्या उन्हात दोघं एसटीनं तिथं गेले. छप्पर काढून टाकलेलं, भिंती अर्ध्या उभ्या. धुळीखाली फळ्या काळ्याकुट्ट दिसत होत्या. रूपरावांनी गुडघ्यावर बसून वाकसीनं एक टोक तासलं. आतून मधासारखा रंग निघाला. त्यांनी कपचा तोंडात टाकला. आधी धूळ लागली, मग सरकीच्या तेलाची चव आणि त्याच्याखाली तो ओळखीचा कडूपणा. साठ वर्षं तेल पिऊन आणि माणसांचे पाय सोसून ते लाकूड तस्सं होतं.

तिथला चौकीदार हे बघत होता. "काय खाऊन राह्यले बुवा? भूक लागली का?"

रूपराव फळीवर तळहात ठेवून बसून राहिले. नंतर त्यांनी घरी मनकर्णाबाईला सांगितलं की तिथं त्यांना लाज वाटली. आपण जन्मभर मिस्त्री म्हणवून घेतलं आणि खरं लाकूड आज पाहिलं, याची.

दिवसभर त्यांनी एकेक फळी ठोकून, उलटून, चावून निवडली. संध्याकाळपर्यंत त्यांचे ओठ काळे झाले होते आणि अच्युतच्या पांढऱ्या शर्टाचा रंग सांगता येत नव्हता.

आता नियम आडवा आला. सरकारी कामात जुनं लाकूड चालत नाही. वरच्या ऑफिसातून अच्युतला तसं पत्रच आलं. दोन वर्षांपूर्वीचा अच्युत ते पत्र घडी घालून खिशात ठेवून गप्प बसला असता. या अच्युतनं नियमांचं पुस्तक काढलं आणि उलट उत्तर पाठवलं की, 'उत्तम सीझन केलेलं सागवान वापरावं' असं पुस्तकात लिहिलं आहे. हे सागवान साठ वर्षं सीझन झालेलं, म्हणजे वाळून मुरलेलं आहे. याहून अधिक सीझन झालेलं हवं असल्यास कळवावं, म्हणजे तितकी वर्षं थांबता येईल. वरून उत्तर आलं नाही. सरकारी भाषेत त्याला होकार म्हणतात.

मे महिन्यात, पाणी खाली गेलेलं असताना, काम झालं. खाली जांभळाचे खांब, वर जिनिंगचा साग. लोखंडी खिळे रूपरावांनी हातात घेतले नाहीत. धावड्याच्या खुंट्या तासल्या आणि कोरड्या ठोकल्या, म्हणजे पाणी लागलं की फुगून बसतील. दोन फळ्यांमधे त्यांनी बोटभर फट ठेवली. ते पाहून मोठा साहेब म्हणाला, "यात लेडीजच्या सँडलची टाच अडकेल."

"साहेब, इथल्या लेडीज अनवाणी राह्यतात," रूपराव म्हणाले. "पाणी लाकडावर थांबलं की तिथंच बिऱ्हाड करते. त्याले जायले वाट पाह्यजे."

साहेबानं आपल्या बुटांकडे पाहिलं आणि विषय बदलला.

काम पुरं झाल्याच्या फाइलमधे रूपरावांची नोंद 'अकुशल मजूर, एक' अशी झाली. अच्युतनं बदलायचा फार प्रयत्न केला, पण त्या छापील फॉर्मवर लाकूड चाखणाऱ्यासाठी रकाना नव्हता. तो ओशाळून सांगायला आला.

"लिहू द्या ना," रूपराव म्हणाले. "पहिल्या टायमाले कुशल लोकायनं केलं होतं. काय झालं?"

सहा पावसाळे गेले. अच्युतची बदली पुलगावकडे झाली, तो दर दिवाळीला पोस्टकार्ड पाठवायचा. मचाणावरून बाळंतिणी गेल्या, वराती गेल्या, ढोल गेले, कापूस गेला. मग सत्त्याऐंशीत तलावाला वळसा घालून डांबरी रस्ता झाला, पलीकडे एसटी जाऊ लागली आणि नाव बंद पडली. खात्यानं ठरवलं की मचाण आता निकामी आहे, काढून टाकावं. काढायचं कंत्राट निघालं आणि ते भैयाजींना मिळालं.

भैयाजी सहा माणसं आणि चार सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, घेऊन आले. सफारी तीच, माणूस मात्र अर्धा झाला होता, गुडघे गेलेले. रूपराव काठावर बाभळीखाली तंबाखू मळत बसले. पहिल्या दिवशी माणसांनी फळ्या उचकटायचा प्रयत्न केला. एक सब्बल वाकली. दुसऱ्या दिवशी घण आणला. खुंट्या पाणी पिऊन अशा बसल्या होत्या की लाकूड आणि खुंटी वेगळी दिसत नव्हती. घणाचा दांडा मोडला.

"मिस्त्री," भैयाजी शेवटी काठावर येऊन म्हणाले, "हे निघते कसं?"

"लय सोपं हाय. तीन साल पाऊस पडू नाई म्हणून नवस बोला. खुंट्या वाळल्या की हातानं निघते."

भैयाजी शेजारी बसले. तंबाखू मागितली. रूपरावांनी दिली. दोघं माणसांची खटपट पाहू लागले. मग भैयाजी हळूच म्हणाले, "एक सांगू? त्या वेळी मला खरंच माहीत नव्हतं. आरागिरणीवाला सागवान म्हणाला, मी सागवान म्हणालो. मला अजूनही ओळखता येत नाही. सगळीच लाकडं मला सारखी दिसतात."

आठ वर्षं रूपरावांनी या माणसाला चोर म्हणून शिव्या घातल्या होत्या. आर्वीच्या बाजारात, चक्कीवर, लग्नाच्या पंगतीत, चोर, चोर, चोर. शिव्याही निवडून, कष्ट घेऊन घातलेल्या. आणि तो लेकाचा चोर नव्हताच!

"लाकडाचा ठेका घेते तुमी," ते म्हणाले, "अन् लाकूड वळखता नाई येत?"

"पुलाचे ठेके पण घेतो," भैयाजी म्हणाले.

रूपरावांना हसू आलं. आधी खोकल्यासारखं, मग पोट धरून. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ते हसले. भैयाजी आधी रुसले, मग त्यांनाही हसू फुटलं. मचाणावरची माणसं घण खाली ठेवून, या दोन म्हाताऱ्यांना काय झालं म्हणून बघू लागली.

"उठा," रूपराव म्हणाले, "चाहा घ्याले चला घरी. अन् पोरायले सांगा, राहू द्या म्हणावं. लिहून टाका काईतरी."

भैयाजींनी लिहून टाकलं की स्थानिक लोकांच्या तीव्र विरोधामुळे काम थांबवावं लागलं. स्थानिक लोक त्या वेळी त्यांना बशीत चहा ओतून देत होते. मनकर्णाबाईनं विचारलं, हे कोण, तर रूपराव म्हणाले, "आपले भैयाजी. भला माणूस."

त्या दिवसापासून रूपरावांनी भैयाजींना चोर म्हणणं कायमचं सोडलं. त्याऐवजी जे म्हणू लागले, ते छापण्यासारखं नाही.